शंभर टक्के

नीतू शाळेत गेली नाही त्याचा तिसरा दिवस उजाडला, तरी तिच्या आईनं, रंजूनं, आवाज चढवला नव्हता. आवाज चढवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पहाटे उठावं, अंगण सारवावं, तुळशीला पाणी घालावं, टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी मातामाय देवीपुढं दिवा ठेवावा आणि मग मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला लागावं, असा तिचा नेम. दिवा लागल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नसे. मग अंगात ताप असो की घरात पाहुणे. अशा बाईचा राग तोंडावर येत नाही. रंजूचा राग पावशीवर यायचा.

पावशी, म्हणजे मासोळी कापायची विळी, पायाखाली दाबून ती रोहूचे खवले काढायला बसली की एरवी तिचा हात पाण्यासारखा चाले. खवले सगळे पुढ्यातल्या पोत्यावर पडत. पण मनात काही खदखदत असलं की तेच खवले उडून शेजारणीच्या कोथिंबिरीत जात.

"आज काय झालं वो रंजू?" सानगडीच्या बाजारात तिच्या बाजूला बसणारी भाजीवाली म्हणाली. "माह्या सांभारात खवले येऊन राहिले. गिऱ्हाईक म्हनन, हे सांभार तलावातलं होय का?"

रंजू हसली नाही. तिनं टोपली थोडी सरकवून घेतली, एवढंच.

झालं होतं ते असं.

सानगडीहून आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, रंजूचा टोला. टोल्यातली घरं मासोळ्या धरणाऱ्यांची. वर गावठाणात शेतकरी, दुकानदार, आणि तिथंच दहावीपर्यंतची शाळा. त्या शाळेत दोन वर्षांपूर्वी विज्ञानाला कमलेश सर आले. तुमसरच्या व्यापारी घरातला मुलगा, वयानं लहान, अंगात हुरूप. बाकीचे मास्तर घंटा झाली की गाडीला किक मारत. हे सर पोरांत रमत. त्यांनी खटपट करून शाळेत प्रोजेक्टर आणला आणि दर गुरुवारी मोबाइलवर प्रश्नमंजुषा सुरू केली. भिंतीवर प्रश्न उमटायचा, पोरांनी आपापल्या फोनवर उत्तर दाबायचं, आणि लगेच भिंतीवर नावं खालीवर व्हायची. कोण पहिला, कोण दुसरा. पोरं गुरुवारची वाट पाहत. दहावीच्या वर्गात तर फोन आणायला खास परवानगी होती.

ज्यांच्याजवळ फोन नव्हता ती पोरं मागच्या दोन बाकांवर बसत. त्यांनी पाहायचं. सर गमतीनं त्या बाकांना "प्रेक्षक गॅलरी" म्हणत. पोरंही म्हणू लागली. वर्गाबाहेरही म्हणू लागली. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर, "ए गॅलरी, सरक."

नीतू त्या गॅलरीत होती. भिंतीवर प्रश्न आला की ती ओठांतल्या ओठांत उत्तर म्हणायची. ते कोणाला ऐकू जात नसे आणि भिंतीवर उमटत नसे. तिनं हे घरी कधी सांगितलं नाही. दिवाळीनंतर सरांनी जाहीर केलं की विज्ञानाचे जे मार्क शाळेच्या हातात असतात ते आता या गुरुवारच्या परीक्षेवरून पडतील, तेव्हा मात्र ती बापाजवळ गेली.

"बाबा, एक दिवस फोन देता का?"

धनीराम जाळ्याची गाठ मारत होता. घरात फोन एकच, तोही त्याच्या जिवाचा. काच तडकलेली, वरून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. साकोलीचा मासोळी घेणारा माणूस सकाळी त्यावरच सांगे की गाडी आज कोणत्या पाळीवर येणार. फोन नसला तर डोंगा काठाला लागेपर्यंत गाडी निघून जायची.

"घेऊन जाय," धनीराम म्हणाला. "एक दिवस गाडी नाही भेटली तं नाही भेटली. आपन घरीच खाऊ. तुही माय काय, रोजच सोमवार धरते. माह्या वाट्याले जास्त येईन."

नीतूनं पिशवी सोडली, फोन ओढणीनं पुसला, हुंगून पाहिला, पुन्हा पुसला. गुरुवारी ती पहिल्यांदा पुढच्या बाकावर, गावठाणातल्या केशवरावांच्या मुलीच्या, खुशबूच्या बाजूला बसली.

आणि पहिली आली.

पण भिंतीवर नाव आलं ते असं: पहिला क्रमांक, धनीराम मच्छीवाले. दुकानातल्या पोरानं फोन चालू करून देताना त्यात तेच नाव भरून ठेवलं होतं. ते आपसूक वर गेलं. "चला, वेळ सुरू," सर म्हणाले होते, आणि नीतूला ते बदलायला सापडलं नाही. शिवाय तिला वाटलं, नावाचं काय, उत्तर बरोबर पाहिजे.

वर्ग हसून हसून लोळला. "धनीरामभाऊ पहिले आले गा." "भाऊ, झिंगे कसे दिले?" सरही हसले. "वा, धनीरामभाऊ हुशार निघाले," असं म्हणाले. मग म्हणाले, हे नाव हजेरीत नाही, आणि बोटानं ती ओळ काढून टाकली. खालचं नाव वर सरकलं. पहिली आली खुशबू.

नीतू घरी आली, फोन पिशवीत घालून बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी आता शाळेत जात नाही."

"काहून?"

"शाळेत मी गेलीच कुठं, बाबा? तिथं तुमी गेले होते."

त्यानंतर ती बोललीच नाही. सकाळी बापाच्या मागं पाळीवर जाऊन जाळ्यातला कचरा वेचत बसली. धनीराम म्हणाला, राहू दे दोन दिवस, राग उतरन. रंजूला सगळं कळलं ते नीतूकडून नाहीच, टोल्यातल्या हेमराजच्या पोराकडून. तोही गॅलरीतलाच होता.

तर त्या दिवशी खवले सांभारात उडत होते, आणि शाळा सुटल्यावर कमलेश सर पिशवी घेऊन बाजारात आले.

ते दर आठवड्याला येत. गावात खोली करून राहत, स्वयंपाक स्वतः करत. "घरी तुमसरला चालत नाही ना रंजूताई, म्हणून इथं हौस भागवतो," असं दर वेळी सांगत. मासोळी साफ करणं त्यांना येत नसे. रंजू त्यांची मासोळी साफ करून, तुकडे करून, वर मूठभर झिंगे टाकून द्यायची. साफ करायचे पैसे ती बाकीच्यांकडून वेगळे घेई. सरांकडून कधी घेतले नाहीत. पोरीचे सर ते.

"रंजूताई, नीतू दिसली नाही तीन दिवस. तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी हाये." रंजूनं रोहू उलटा केला. "तुमी नाव खोडलं ना सर, म्हनून येत नाही."

सर थोडे ओशाळले. मग म्हणाले, "अहो, ते सॉफ्टवेअरचं असतं. नाव हजेरीशी जुळलं नाही तर मार्क कोणाला द्यायचे? तिनं आपल्या नावानं भरायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी भरेल."

"पुढच्या गुरुवारी फोन तलावावर राहीन."

"मग एखादा साधा घेऊन टाका तिला. आता सगळ्यांनीच घेतले." सरांचा चेहरा उजळला. "तुम्हाला सांगतो, मी वर्गात पोल घेतला. प्रत्येकाकडे मोबाइल आहे का, असा. शंभर टक्के हो. शंभर टक्के, रंजूताई. असं वर कळवलंसुद्धा आपण. खेड्यातल्या शाळेत हे होतं म्हणून कोणाला खरं वाटत नाही."

रंजूचा हात थांबला.

"पोल म्हंजे?"

"म्हणजे मत घ्यायचं. हो किंवा नाही."

"कायवर घेतलं?"

"मोबाइलवर."

भाजीवालीनंही आता पालेभाजीवर पाणी शिंपडायचं थांबवलं होतं. रंजूनं पावशीवरून पाय काढला, हात पदराला पुसले, आणि नेहमीसारख्याच हलक्या आवाजात विचारलं, "सर, ज्याच्यापाशी मोबाइल नाही, त्यानं 'नाही' कायवर दाबलं?"

सरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "ते… ज्यांनी भाग घेतला त्यांचे शंभर टक्के. तसंच धरतात."

"तसंच धरतात," रंजू म्हणाली.

"शनिवारी पालकसभा आहे. तुम्ही या ना. तिथं मांडा. केशवराव येणार आहेत, शाळेचे अध्यक्ष. मीही बोलतो." सर मनापासून बोलत होते, हेच रंजूला अधिक लागलं. माणूस वाईट असता तर त्याला एक शिवी हासडून मोकळं होता आलं असतं.

तिनं मासोळी साफ केली, तुकडे केले, पिशवीत टाकले. झिंग्यांच्या टोपलीकडे हात गेला, तो तिनं मागं घेतला.

शनिवारी पहाटे ती नेहमीप्रमाणं मातामायला दिवा ठेवून पाळीवर गेली. त्या दिवशी सगळ्या टोल्याचं मिळून जाळं होतं. अशा दिवशी आलेली मासोळी काठावर ओतायची, तिचे सारखे वाटे पाडायचे. मग एक जण वाट्यांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर काठी टेकवतो आणि विचारतो, हा कोनाचा? पाठमोरा माणूस न पाहता नाव घेतो. मोठा वाटा, बारका वाटा, मरळ कोणाला गेली आणि शिंगूर कोणाला, यावर भांडण नाही. आणि सगळे वाटे संपले तरी कोणी हात लावत नाही. आधी काठीवाला मोठ्यानं हाक देतो, "राहिला कोन?" ती हाक टोल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक. जो राहिला त्यानं आपलं नाव घ्यायचं. जो तापानं घरी पडला, त्याचं शेजाऱ्यानं घ्यायचं. मग सगळ्यांच्या वाट्यांतून थोडं थोडं काढून त्याचा वाटा पाडायचा. तो पडेपर्यंत कोणाची टोपली उचलत नाही. कोणी उचललीच तर त्याला पुढच्या जाळ्याला बोलावत नाहीत.

त्या दिवशी काठी धनीरामच्या हातात होती.

"राहिला कोन?"

"रेवताबाई राहिली," हेमराज म्हणाला. रेवताबाई टोल्याच्या टोकाला एकटी राहते. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. जाळ्याला तिच्या घरचं कोणी येत नाही, तरी तिचं नाव दर वेळी कोणी ना कोणी घेतो.

रंजू पाळीवर टोपली घेऊन उभी होती. एरवी या हाकेकडं तिचं लक्षही जात नसे. श्वासाकडं कोणाचं लक्ष जातं? आज मात्र ती ऐकून तिची नजर पोरीकडं गेली. नीतू बाजूला बसून जाळ्यातलं शेवाळ काढत होती, मान खाली घालून, जणू जन्मभर हेच करायचं ठरवून बसल्यासारखी. शेवाळ काढणं वाईट नाही. रंजूच्या आईनं काढलं, रंजूनं काढलं. पण पहिली आलेल्या पोरीनं हरल्यासारखं ते काढायचं, हे तिला बघवेना.

"ऊठ," ती पोरीला म्हणाली. "हातपाय धुय. सभेले चालायचं हाये."

"मी येत नाही."

"तुले बोलाले नाही नेत. उभी राहाले नेतो."

शाळेच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. वरच्या गावचे पालक आधी आले, ते बसले. टोल्याची माणसं तलावावरून घरी, घरून अंघोळ करून आली, तोवर खुर्च्या संपल्या. ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली. धनीराम, हेमराज, बायका. नीतू आईच्या पाठीमागं. पुढं टेबलाशी केशवराव बसले होते, पांढरा सदरा, खिशात दोन फोन. धानाचे व्यापारी, शाळेचे अध्यक्ष आणि खुशबूचे वडील.

कमलेश सर उत्साहात बोलले. शाळा कुठं होती, कुठं आली. भिंतीवर फोटो दाखवले. त्यात मागचे दोन बाक कुठंच नव्हते. मग म्हणाले, "आता आपणही पोरांसारखं करून पाहू. भिंतीवर प्रश्न येईल, आपापल्या मोबाइलवर उत्तर द्या."

प्रश्न आला. मोबाइलवरच्या परीक्षेबाबत आपण समाधानी आहात काय? खुर्च्यांवरचे लोक खाली मुंड्या घालून बोटं चालवू लागले; टोल्याचे फोन गाडीच्या निरोपासाठी तलावावरच होते. एक म्हातारा नातवाला विचारत होता, "हिरवं दाबू का लाल?" नातू म्हणाला, "हिरवं दाबा आजोबा, हिरवं शुभ असते." भिंतीवर एक गोल फिरला, फिरला, आणि सगळाच्या सगळा हिरवा झाला.

"शंभर टक्के," सर म्हणाले.

टाळ्या वाजल्या. खुर्च्यांवर वाजल्या ते ठीक. रंजूनं वळून पाहिलं तर भिंतीला टेकून उभा असलेला टोलाही टाळ्या वाजवत होता. हेमराज वाजवत होता. तिचा नवरा वाजवत होता. लोक वाजवतात म्हणून वाजवायच्या, एवढीच ती टाळी. तिनं धनीरामच्या हातांकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याचे हात हवेतच थांबले, मग त्यानं ते खिशात घातले.

"आता महिन्याची पहिली," केशवराव हसत उठले, "माझ्याच घरची निघाली, काय करता." हातात रंगीत प्रमाणपत्र होतं. खुशबू पुढं आली. तिनं ते घेतलं, पण बापाच्या शेजारी उभी राहिली ती टाचेनं फरशी खरवडत.

"सर," रंजू म्हणाली, "एक इचारायचं होतं."

"बाई, प्रश्न शेवटी," केशवराव म्हणाले.

"आमी शेवटीच उभे हाओ, भाऊ."

खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. रंजू भिंतीपासून दोन पावलं पुढं आली. आवाज तोच, बाजारात भाव सांगते तेवढाच. "हे शंभर टक्के समाधानी म्हनता. यात आमी मोजले का? आमच्यापैकी कोनी काही दाबलंच नाही."

"ज्यांनी भाग घेतला त्यांचे…" सरांनी सुरुवात केली आणि वाक्य गिळलं.

"त्यात काय एवढं," केशवराव म्हणाले. "हात वर करा. कोणाकडे मोबाइल नाही? करा हात वर. बघू."

खुर्च्यांवरची डोकी मागं वळली. आणि टोल्यातला एकही हात वर आला नाही. हेमराजनं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. त्याच्या बायकोनं पदर ओढून घेतला. एकेका घरात एकेक फोन होता, तो तलावावर चालायचा. पोरांसाठी दुसरा कोणाकडंच नव्हता. पण सगळ्या गावासमोर, दोन फोन खिशात ठेवणाऱ्या माणसापुढं, आमच्या पोराले नाही असं हात वर करून कोण सांगेल?

"बघा," केशवराव म्हणाले. "कोणी नाही."

रंजूला आजवर इतका राग कधी आला नव्हता. केशवरावांचा आला, सरांचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो आपल्याच माणसांचा. तलावात वादळी वाऱ्यात डोंगा घालणारी माणसं ही. इथं एक हात उचलवेना. तिला वाटलं, जावं निघून. उद्यापासून नीतूनं शेवाळच काढावं. जी माणसं आपल्या पोरासाठी हात उचलत नाहीत, त्यांच्या पोरांचं भिंतीवर काय नाव येणार?

आणि मग ती हाक तिच्या तोंडातून गेली. ठरवून नाही. बायका ती हाक देत नाहीत. पाळीवर ती पुरुषच देतात. रंजूनं भिंतीकडं तोंड केलं, त्या हिरव्या गोलाकडं, आपल्या माणसांकडं पाठ करून, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली.

"राहिला कोन?"

खुर्च्यांवरच्या लोकांना काही समजलं नाही. पण भिंतीला टेकलेल्यांना समजलं. ती हाक आल्यावर गप्प राहायचं नसतं. गप्प राहिलं तर कोणाचा तरी वाटा बुडतो. हे त्यांच्या हाडात होतं, त्यात लाज मध्ये येत नव्हती.

"हेमराजचं पोट्टं राहिलं," हेमराज म्हणाला, आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकला.

"राहिला कोन?"

"माहा लिलाधर राहिला."

"तेजरामची दोनीबी राहिली. तो आज जाळ्यावर हाये, मी सांगून राहिलो त्याचं."

"माझा अश्वजित राहिला." हा आवाज मागून नव्हता. पुढच्या खुर्च्यांतली एक बाई उठून उभी राहिली होती. नवरा भातगिरणीत हमालीला जातो, गावठाणातच राहतात. टोल्याची हाक तिला ठाऊक नव्हती, पण अर्थ लागला होता. "तोही त्या गॅलरीत बसतो. घरी येऊन रडतो. मी हिरवं दाबलं नाही, लाल दाबलं नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं."

रंजू अजून पाठमोरीच होती. सगळ्यांत शेवटी तिला हवा होता तो आवाज आला. घोगरा, सकाळी पाळीवर हाक दिलेला.

"नीतू राहिली," धनीराम म्हणाला. "पहिली येऊनबी राहिली."

तेव्हा रंजू वळली.

केशवराव व्यापारी माणूस, हवा ओळखणारे. ते लगेच म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. काही अडचण नाही. मी माझ्यातर्फे नीतूला मोबाइल देतो. आत्ता जाहीर करतो. सर, फोटो घ्या. बेटी, ये इकडं."

नीतू हलली नाही. रंजू म्हणाली, "नोको, भाऊ."

"अहो घ्या, लाजता कशाला?"

"मले मोबाइल मांगायचाच नाही. माही पोरगी पहिली आली, ते पायजे. ते तुमच्यापाशी हाये, ते द्या." मग ती सरांकडं वळली. "सर, तुमाले एक इचारतो. खरं सांगा. मातामायचा दिवा लावून आलो मी, तुमीबी सकाळी कोनाले तरी हात जोडले असन. ते नाव भिंतीवर आलं, तवा नीतू पुढच्या बाकावर फोन धरून बसली होती. धनीराम कोन, हे तुमाले माहीत नव्हतं?"

सरांनी टेबलावरची वायर उगाच सरळ केली.

"माहीत होतं," खुशबू म्हणाली. प्रमाणपत्र तिनं टेबलावर उपडं ठेवलं होतं. "सगळ्यायले माहीत होतं. मी तिच्या बाजूलेच होती. तिनं माह्याआधी दाबलं, दर वेळी."

"खुशबू," केशवराव म्हणाले.

"काय खुशबू, पप्पा. मी काय खोटं बोलून राहिली?"

भिंतीवर हिरवा गोल तसाच होता. शेवटी सर म्हणाले, "माहीत होतं. मला वाटलं… गंमत आहे. नाव हजेरीत नव्हतं, म्हणून काढलं. आता ते त्यात परत घालता येत नाही. बंद झालं की बंद होतं."

"त्यात नाही घालता येत तं खडू घ्या," रंजू म्हणाली.

प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवरच्या फळ्यावरही पडला होता. सर त्या उजेडात गेले. हिरवा गोल त्यांच्या सदऱ्यावर, चेहऱ्यावर पडला. त्यांनी खडूनं फळ्यावर लिहिलं: पहिला क्रमांक, नीतू धनीराम वलथरे. लिहून झाल्यावर त्यांना कळेना, आता वळायचं कसं. या वेळी टाळ्या वाजल्या त्या मागून वाजल्या, आणि रंजूनं त्याही हातानं थांबवल्या.

"टाळ्या कायले? आपलंच आपल्याले भेटलं."

मग ती पोरीला घेऊन निघाली. दारात कमलेश सर म्हणाले, "सोमवारी पाठवाल ना?" ती म्हणाली, "तिले इचारा." सरांनी विचारलं. नीतू म्हणाली, "गॅलरी राहीन का, सर?" सर म्हणाले, नाही. "मंग येईन."

सोमवारी नीतू शाळेत गेली. गुरुवारी घरी आली तेव्हा रंजू चुलीपुढं होती.

"आज परीक्षा झाली का?"

"झाली. सरांनं सगळ्यायले कागद वाटले. खुशबूले पन. म्हनाले, आधी कागदावर, मंग हौस म्हनून मोबाइलवर."

"कोन पहिलं?"

"खुशबू." नीतू पाट ओढून बसली. "एका मार्कानं. पुढच्या वेळी नाही येऊ देत."

रंजूनं पोरीच्या ताटात भात वाढला. पोरीच्या आवाजात जुना ताठा परत आलेला तिनं ऐकला, आणि वर अजून थोडा वाढला.

पुढच्या बाजारी कमलेश सर पिशवी घेऊन आले. जरा लांबूनच उभे राहिले, गिऱ्हाईक गेल्यावर पुढं आले. "एक किलो रोहू द्या, रंजूताई."

रंजूनं चांगला ताजा रोहू उचलला. काटा नीट धरला, वजन नेमकं केलं, वर एक तुकडा कमी नाही की जास्त नाही. आणि अख्खा मासा, खवल्यासकट, डोळ्यासकट, त्यांच्या पिशवीत सोडला.

सर पिशवीत पाहत राहिले. "साफ…?"

"पावशी लोहारापाशी भेटते, सर. तिकडं, पिंपळाच्या पलीकडं."

सर मग खरंच पिंपळाच्या दिशेनं निघाले, पिशवी अंगापासून दूर धरून, पाणी पँटवर गळू नये म्हणून.

रंजूनं पुढच्या गिऱ्हाईकाची मासोळी घेतली, पावशी पायाखाली दाबली. पहिल्याच हाताला खवले उडाले, तशी भाजीवाली उठली आणि आपली सांभाराची टोपली पार पलीकडं नेऊन ठेवली.